घरी घडवलेले एंजिन आणि वाटून घेतलेले ज्ञान

मोटारीचे एंजिन रस्त्यात बंद पडले, तर चालक गाडी कडेला घेतो, बॉनेट उघडतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा सल्ला ऐकत उभा राहतो. लहान विमानाचे एंजिन आकाशात बंद पडले, तर वैमानिकाच्या हाती उरतात ती जमिनीपर्यंतची काही मिनिटे; आणि विमानाने नुकतीच धावपट्टी सोडलेली असेल, तर तीही उरत नाहीत. म्हणूनच कारखान्यात तयार होणाऱ्या विमान-एंजिनाला प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी दीर्घ आणि खर्चिक कसोट्यांतून जावे लागते. असे असूनही जगाच्या अनेक भागांत हौशी माणसे स्वतः बांधलेल्या विमानात स्वतः जुळवलेले एंजिन बसवतात व त्यावर विसंबून उड्डाण करतात. कारखान्याजवळ प्रयोगशाळा असते, तज्ज्ञांचा ताफा असतो, अनेक वर्षांच्या नोंदी असतात. घराच्या पडवीत काम करणाऱ्या माणसाजवळ ह्यांपैकी काय असते? त्याच्यासारख्याच इतर माणसांनी लिहून ठेवलेला अनुभव, हे ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. रोटरी एंजिनाचे उदाहरण घेऊन त्याचाच विचार ह्या प्रकरणात करावयाचा आहे.

‘घरी घडवलेले एंजिन’ ह्या शब्दांचा अर्थ प्रथम स्पष्ट केला पाहिजे. धातूचा रस ओतण्यापासून शेवटचा बोल्ट आवळण्यापर्यंत सर्व काही घरीच करणारा माणूस विरळा. बहुधा मोटारीसाठी बनलेल्या एंजिनाचा गाभा घेतला जातो, आणि विमानाला लागणारी इतर सर्व व्यवस्था त्याच्याभोवती नव्याने उभी केली जाते. वेग कमी करणारी दंतचक्रे, शीतन, इंधनपुरवठा, ठिणगीची योजना, धूर बाहेर नेणारी नळी आणि एंजिनाला विमानाशी जोडणारा सांगाडा ही कामे बांधणाऱ्याची असतात. गाभा परका असला, तरी त्यावरची जबाबदारी पूर्णपणे त्याची.

जबलपूरच्या वाचकाला ह्यातील अवघड भाग चटकन उमगेल. १९०४ साली ह्या शहरात तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि १९६९ साली वाहन निर्माणी स्थापन झाली. येथे बनलेल्या ‘जोंगा’ ह्या लष्करी गाडीचे नावच मुळी जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली ह्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. गाडीचा मूळ आराखडा जपानच्या निसान कंपनीचा होता. अशा परवान्यावरील उत्पादनात गाडीबरोबर आराखड्यांचे गठ्ठे येतात; कोणता भाग कोणत्या पोलादाचा, त्याच्या मापात किती केसभर फरक चालेल, कोणता बोल्ट किती जोराने आवळावा हे सर्व त्यांत लिहिलेले असते. परवान्याचे मोल मुख्यतः ह्या कागदांचे असते. मोटारीचे एंजिन विमानात बसवणाऱ्या हौशी माणसाला असा गठ्ठा कोणी देत नाही. तो त्याला आपल्या समव्यवसायी हौशी मंडळींच्या साहाय्याने स्वतः जमवावा लागतो.

एका नावाची दोन एंजिने

‘रोटरी’ हे नाव विमानांच्या इतिहासात दोन अगदी वेगळ्या यंत्रांना मिळाले आहे. त्यांची गल्लत होऊ नये.

पहिले यंत्र फ्रान्समधील सेगँ बंधूंचे. १९०८-०९ च्या सुमारास त्यांनी ‘ग्नोम’ एंजिन पुढे आणले. त्यात भुजादंड विमानाला पक्का बसवलेला असे, आणि त्याभोवती तारकेसारखी मांडलेली सात सिलिंडरे पंख्यासह गरगर फिरत. सिलिंडरे स्वतःच वाऱ्यातून फिरत असल्याने थंड होत व पाण्याच्या टाकीचे वजन वाचे. सुमारे पन्नास अश्वशक्तीचे हे एंजिन त्या काळी फार हलके गणले गेले. त्याच्या वंगणासाठी एरंडेल वापरीत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. वापरलेले एरंडेल धुराबरोबर बाहेर उडे आणि वैमानिकाच्या चेहऱ्यावर येई. पहिल्या महायुद्धातील ‘सॉपविथ कॅमल’ हे लढाऊ विमान ह्याच जातीच्या एंजिनावर उडे. हरदितसिंग मलिक ह्या भारतीय वैमानिकाने १९१७ साली ते चालवले होते. फिरणाऱ्या जड सिलिंडरांमुळे विमान भोवऱ्यासारखे वागे व वळताना नवख्याला दगा देई. शक्ती वाढवण्यालाही लवकरच मर्यादा पडली, आणि युद्धानंतर हे एंजिन मागे पडले.

दुसरे यंत्र जर्मनीतील फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) ह्यांच्या कल्पनेतून आले. एनएसयू कंपनीत त्याचा पहिला नमुना १९५७ साली चालू झाला. पण उत्पादनास सोयीचे रूप त्याला हान्स-डीटर पाश्के ह्या अभियंत्याने दिले. ह्या एंजिनात सिलिंडरे फिरत नाहीत; सिलिंडरेच नसतात. आज हौशी विमान बांधणारे ‘रोटरी’ म्हणतात ते हे एंजिन, आणि पुढील सर्व विवेचन त्याविषयीच आहे.

त्रिकोण कसा फिरतो

नेहमीच्या एंजिनात दट्ट्या खालीवर सरकतो. प्रत्येक फेरीत तो दोनदा थांबतो व दोनदा उलट दिशेने निघतो. त्याची ही ये-जा भुजादंडाच्या साहाय्याने वर्तुळगतीत बदलावी लागते. वांकेल एंजिनात ही ये-जा नाही. मध्ये किंचित आत दबलेल्या लंबगोल आकाराचे एक पोकळ घर असते. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर असतो. रोटर विकेंद्री दंडावर बसवलेला असल्याने तो स्वतःभोवती फिरता फिरता घरात झोकांड्या घेतल्यासारखा सरकतो, आणि त्याची तिन्ही टोके सदैव घराच्या भिंतीला चिकटून राहतात. रोटर व घर यांच्यामध्ये तीन पोकळ्या तयार होतात. फिरताना प्रत्येक पोकळी क्रमाने मोठी व लहान होते. मोठी होताना ती हवा व इंधन यांचे मिश्रण आत ओढते, लहान होताना ते दाबते. ठिणगी पडताच जळणारा वायू रोटरला पुढे ढकलतो, आणि शेवटी जळका वायू बाहेर टाकला जातो. वायूला आत-बाहेर जाण्याची भोके रोटरच्याच हालचालीने उघडतात व मिटतात. त्यामुळे झडपांची गरज राहत नाही.

येथे एक हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. रोटर एक फेरा पुरा करतो तेवढ्यात विकेंद्री दंडाचे तीन फेरे होतात. म्हणजे दंड मिनिटाला ६,००० फेरे घेत असला, तरी रोटर स्वतःभोवती केवळ २,००० वेळा फिरतो. एका रोटरमागे दंडाच्या प्रत्येक फेऱ्यात एक शक्तिस्पंद मिळतो. दोन रोटरांच्या एंजिनात दर फेऱ्याला दोन, म्हणजे चार सिलिंडरांच्या चौघाती एंजिनाइतकेच स्पंद होतात. मात्र फिरणाऱ्या भागांची संख्या अगदी थोडी असते.

हे सर्व ज्या एका लहान भागावर अवलंबून आहे, तो म्हणजे रोटरच्या टोकाशी खाचेत बसवलेली सीलपट्टी. माझदा कंपनीच्या प्रसिद्ध १३बी एंजिनात ह्या पट्टीची जाडी पूर्वी तीन व पुढे दोन मिलिमीटर होती. ती घराच्या भिंतीला सतत घासत जाते. आरंभीच्या एंजिनांत पट्ट्या थरथरत आणि भिंतीवर आडवे ओरखडे उमटत. माझदातील मंडळींनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव दिले होते. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखालील सत्तेचाळीस अभियंत्यांच्या गटाने अॅल्युमिनियम भरलेल्या कार्बनच्या पट्ट्या वापरून हा प्रश्न सोडवला, आणि १९६७ साली ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही मोटार बाजारात आली. त्याच वर्षी आलेल्या एनएसयूच्या ‘रो ८०’ मोटारीला मात्र पट्ट्यांच्या झिजेने फार त्रास दिला. तत्त्व दोन्हींचे एकच होते. फरक पडला तो पट्टी कशाची करावी, ह्या एका माहितीने.

लहान विमानाला ते का मानवते, आणि काय मागते

रोटरी एंजिन आकाराने लहान व शक्तीच्या मानाने हलके असते आणि त्याला कंप कमी असतो. झडपा, त्यांच्या स्प्रिंगा, दट्टे व त्यांचे दांडे हे तुटण्याजोगे भाग त्यात नसतात. हौशी बांधणाऱ्यांच्या नोंदींत त्याचा आणखी एक गुण वारंवार नमूद झालेला आढळतो. बिघाड झाला, तरी ते बहुधा एकाएकी जखडत नाही. शक्ती कमी होत होत काही काळ चालत राहते. वैमानिकाच्या दृष्टीने ह्या ‘काही काळा’चे मोल फार आहे.

परंतु हे एंजिन बदल्यात बरेच काही मागते. पहिली मागणी वेगाविषयीची. ते मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या आसपास खरी शक्ती देते. १.८ मीटर व्यासाचा पंखा ह्या वेगाने थेट फिरवला, तर त्याच्या टोकाची गती सेकंदाला सुमारे ५६५ मीटर होईल. ध्वनीची गती ३४० मीटरच्या आसपास असते. ध्वनीहून वेगवान टोकाचा पंखा पुष्कळ गोंगाट आणि फारच थोडे उपयुक्त काम करतो. म्हणून मध्ये दंतचक्रे बसवून वेग उतरवावा लागतो. हौशी मंडळींत २.१७ व २.८५ ही दोन गुणोत्तरे प्रचलित झाली. ६,००० ला २.१७ ने भागले, तर पंख्याला सुमारे २,७६५ फेरे मिळतात आणि टोकाची गती २६० मीटरवर येते.

दुसरी मागणी उष्णतेची. रोटरी एंजिनातून बाहेर पडणारा वायू दट्ट्याच्या एंजिनापेक्षा अधिक तप्त व अधिक जोरकस असतो. साध्या पत्र्याचा सायलेन्सर त्यापुढे तग धरीत नाही. शीतन केवळ पाण्याने भागत नाही. काढून टाकावयाच्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश वाटा वंगणाच्या तेलातून जातो, कारण रोटर आतून तेलानेच थंड होतो. तेलाचा रेडिएटर लहान ठेवण्याची चूक मोटारीत कदाचित खपून जाईल. तासभर सलग जोर लावणाऱ्या विमानात ती खपत नाही. तिसरी मागणी विजेची. इंधन सोडणे व ठिणगी पाडणे ही दोन्ही कामे विजेवर चालत असतील, तर वीज गेली की एंजिन गेले. म्हणून दोन स्वतंत्र पुरवठे ठेवावे लागतात. शिवाय ह्या एंजिनाला इंधन काहीसे अधिक लागते, हेही विसरून चालत नाही.

दुसऱ्याचा आकडा आणि आपले ऊन

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील एका माणसाने लिहून ठेवले, की अमुक मापाचा रेडिएटर आपल्या एंजिनाला पुरेसा झाला. जबलपूरच्या माणसाने ते माप जसेच्या तसे उचलावे काय?

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकील, हे मुख्यतः आतील पाणी व बाहेरील हवा यांच्या तापमानांतील अंतरावर ठरते. पाणी ९५ अंश सेल्सिअसवर राखावयाचे आहे असे धरू. बाहेर १५ अंश असतील, तर अंतर ८० अंशांचे. जबलपूरच्या मे महिन्यात दुपारी ४२ अंश असतील, तर अंतर ५३ अंशांचे. म्हणजे तोच रेडिएटर येथे सुमारे दोन-तृतीयांश काम करील. त्यातच शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१२ मीटर उंचीवर असल्याने व हवा तापल्याने तिची घनता प्रमाण घनतेहून सुमारे एक-अष्टमांशाने कमी भरते. विरळ हवा रेडिएटरमधून कमी उष्णता नेते, पंख्याला कमी ओढ देते आणि पंखांनाही कमी उचल देते. उड्डाण लांबते, चढण मंदावते, आणि नेमक्या त्याच वेळी एंजिनावर सर्वांत जास्त भार असतो.

इंधनाचेही तसेच आहे. रोटरी एंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चांगले चालते, ही परदेशी नोंद खरी आहे. पण २०२५ पर्यंत भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर नेण्यात आले. इथेनॉल काही जातींच्या रबराला फुगवते किंवा मऊ करते. जुन्या पेट्रोलवर वर्षानुवर्षे टिकलेली नळी ह्या पेट्रोलवर टिकेलच, असे त्या नोंदीवरून म्हणता येत नाही.

ह्याचा अर्थ दुसऱ्याची नोंद निरुपयोगी असते असा नव्हे. विस्कॉन्सिनच्या माणसाने मापाबरोबर त्या दिवशीचे हवेचे तापमान, उंची, विमानाचा वेग व पाण्याचे तापमान लिहिले असेल, तर वरील हिशेब जबलपूरचा माणूस घरबसल्या करू शकतो. ‘पुरेसा झाला’ एवढेच लिहिले असेल, तर त्याच्या हाती फक्त एक भरवसा येतो, आणि तो दुसऱ्याच्या हवामानातला असतो. आकडा आणि त्याची परिस्थिती ह्या दोन्ही गोष्टी मिळून नोंद बनते.

वाटण्याची परंपरा

विमानविद्या अशा नोंदींच्या देवघेवीतूनच वाढली. ऑक्टेव्ह शनूट ह्या अभियंत्याने त्या काळापर्यंत जगभर झालेल्या उड्डाणप्रयत्नांचा वृत्तान्त जमवून १८९४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात फसलेल्या प्रयत्नांचे वर्णन होते, आणि ते का फसले याची चर्चाही होती. १८९९ च्या मे महिन्यात विल्बर राइट यांनी स्मिथ्सोनियन संस्थेला पत्र लिहून ह्या विषयावरील उपलब्ध साहित्य मागवले, आणि संस्थेने ते पाठवले. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाचे एंजिन चार्ली टेलर ह्या त्यांच्या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत त्यांच्या सायकलींच्या कार्यशाळेत बनवले. तेही घरगुती एंजिनच होते. पुढे राइट बंधूंनी एकस्वाच्या आधारे खटले चालवले, तर पॅरिसमध्ये आल्बेर्तो सांतोस-द्यूमाँ यांनी आपल्या ‘दम्वाझेल’ ह्या चिमुकल्या विमानाचे आराखडे सर्वांना खुले केले. १९१० साली ते एका अमेरिकन मासिकात छापून आले.

हीच वृत्ती पुढे संघटित झाली. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अमेरिकेत हौशी विमान बांधणाऱ्यांची ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे भरतो. तेथे लोक विमाने पाहतात तितक्याच उत्सुकतेने त्यांची एंजिने उघडून पाहतात आणि बांधणाऱ्याला प्रश्न विचारतात. तेथील कायदाही ह्या वृत्तीला जागा देतो. विमानाचा अधिकांश भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी वा आनंदासाठी बांधलेला असला, तर त्याला प्रायोगिक म्हणून परवानगी मिळते. मात्र एंजिन प्रमाणित नसेल, तर पहिले चाळीस तास सामान्यतः ठराविक क्षेत्रातच कसोटीचे उड्डाण करावे लागते.

रोटरीची वाट धरणारे ह्या मोठ्या समूहातील एक लहान कुटुंब. त्यांनी पत्रके काढली, एकमेकांना मापे कळवली, जळलेल्या सायलेन्सरांची छायाचित्रे दाखवली. कोणी मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील जाळी रेडिएटर म्हणून वापरून पाहिली व तिचे आकडे दिले. कोणी टोकपट्ट्यांच्या वंगणासाठी इंधनातच दुघाती एंजिनाचे तेल मिसळण्याचे प्रमाण सांगितले. ह्या नोंदी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. एंजिनाचा गाभा क्वचितच दगा देतो. दगा देते ती एखादी इंधननळी, सैल झालेली वायर, अपुरे शीतन किंवा दंतचक्रांतील कंप. म्हणजे कारखान्याने केलेला भाग टिकतो आणि घरी जोडलेला भाग तुटतो. हे सत्य कोणा एकट्याला आपल्या एकाच विमानावरून कळले नसते.

आपल्याकडील तीन उदाहरणे

मराठी वाचकाच्या परिचयाचे पहिले उदाहरण मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांचे. १८९५ साली त्यांनी चौपाटीवर मानवरहित विमान उडवले, असा दावा केला जातो. त्यावर अभिमानाने व उपहासाने पुष्कळ लिहिले गेले आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या यंत्राची मापे, आराखडे, वजन, शक्ती, उड्डाणाचे अंतर यांपैकी पडताळून पाहण्याजोगे काहीही मागे उरलेले नाही. ‘वैमानिक शास्त्र’ ह्या ग्रंथाची बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पाच संशोधकांनी तपासणी केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी १९७४ साली मांडला. त्यांना हा निष्कर्ष काढता आला, कारण ग्रंथात निदान आकृत्या व वर्णने होती. तळपदे यांच्या यंत्राविषयी मात्र अशी तपासणी करताच येत नाही. त्यांनी काही साधले असेल, तर त्याचा लाभ पुढच्या कोणालाही झाला नाही.

दुसरे उदाहरण अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. तेथील वाहन संशोधन व विकास संस्था ही संरक्षण खात्याची संस्था लष्करी वाहनांवर काम करते. ‘निशांत’ ह्या वैमानिकरहित विमानाला आरंभी परदेशी वांकेल एंजिन वापरले जाई. त्याच्या जागी ५५ अश्वशक्तीचे देशी एंजिन तयार करण्याचे काम तीन संस्थांनी वाटून घेतले. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने एंजिनाचा गाभा केला. त्यात अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ओतीव भाग आणि घराच्या आतील भिंतीवर निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा कठीण लेप हे अवघड काम होते. नगरच्या संस्थेने ठिणगीची व इंधनाची योजना केली. बंगळूरच्याच वैमानिकी विकास संस्थेने उड्डाणचाचणी घेतली. सुमारे तीस किलोग्रॅम वजनाचे हे एंजिन २९ मार्च २००९ रोजी कोलारजवळ प्रथम आकाशात गेले, विमान १.८ किलोमीटर उंचीवर चढले आणि चाळीस मिनिटांनी सुखरूप उतरले. हे एंजिन घरगुती नव्हे. परंतु त्यातील कामाची वाटणी पाहिली, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. वांकेलची आकृती पाठ्यपुस्तकात कोणालाही सापडते. भिंतीवरचा लेप आणि ठिणगीची अचूक वेळ त्या आकृतीत नसतात. शासकीय संस्थांनाही ते ज्ञान एकमेकींकडून घ्यावे लागले.

तिसरे उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. २०१७ च्या नोव्हेंबरात नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये धुळे येथे ते उडाले. विमान बांधण्याइतकाच त्याला उड्डाणाची परवानगी मिळवण्याचा मार्ग दीर्घ होता. भारतात घरी बांधलेले विमान नोंदणी व परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कारण एंजिन बंद पडले तर विमान कोणाच्या तरी घरावर, शेतावर किंवा शाळेवर उतरणार असते. ह्या मार्गावरून जो प्रथम गेला, त्याचे कागदपत्र, अर्ज, आक्षेप व त्यांची उत्तरे हेही पुढच्या माणसाच्या दृष्टीने एंजिनाच्या आराखड्याइतकेच उपयुक्त ज्ञान आहे.

चांगली नोंद कशी असते

वरील विवेचनावरून उपयुक्त नोंदीची लक्षणे सांगता येतील. पहिले लक्षण म्हणजे तीत माप असते. ‘तेल फार तापले’ ह्याऐवजी ‘तेल ११५ अंशांवर गेले’ असे ती सांगते. दुसरे, मापाची परिस्थिती असते : दिवस, तापमान, उंची, भार. तिसरे, एका वेळी एकच बदल केलेला असतो. रेडिएटर व तेल दोन्ही एकदम बदलले, तर गुण कोणाला द्यावा हे कळत नाही. चौथे, तीत काय अपेक्षित होते तेही लिहिलेले असते, म्हणजे अंदाज कोठे चुकला ते दिसते. पाचवे, आणि सर्वांत महत्त्वाचे, बिघाड लपवलेला नसतो.

हे शेवटचे लक्षण साधणे कठीण असते. आपले एंजिन बेचाळिसाव्या तासाला बंद पडले, आणि कारण केवळ सत्तर पैशांच्या क्लिपाचे होते, हे चारचौघांत सांगताना माणसाला संकोच वाटतो. पण त्याने ते सांगितले नाही, तर तीच क्लिप दुसऱ्या कोणाच्या विमानात तशीच राहते. ऐकणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. बिघाड सांगणाऱ्याची टर उडवली, तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही, आणि मग नोंदवहीत केवळ यशाच्या गोष्टी उरतील. तशा नोंदवहीवरून एंजिन बांधणे धोक्याचे आहे.

भाषेचाही विचार केला पाहिजे. जबलपूर, नागपूर किंवा नगर येथील कारागिराला बेअरिंगचा आवाज ऐकून त्याची झीज सांगता येते. त्याचे हे ज्ञान हातात व कानात असते. कागदावर क्वचित उतरते. ते त्याच्याच शब्दांत, म्हणजे रिंग, गॅस्केट, बुश, लेथ ह्या रुळलेल्या शब्दांसह मराठीत किंवा हिंदीत लिहिले गेले, तर त्याच्यापासून दुसरा कारागीर शिकू शकेल. मराठीत विज्ञानविषयक लेखनाची परंपरा जुनी आहे. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासूनचे आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ पासूनची. कार्यशाळेतील अनुभवाला ह्या परंपरेत अधिक जागा मिळाली पाहिजे. तंत्रनिकेतनांच्या व गावोगावच्या ग्रंथालयांत यंत्र दुरुस्त करणाऱ्यांसाठी एक नोंदवही ठेवणे फारसे खर्चाचे काम नाही.

अखेरीस एक सावधगिरीची सूचना. वाटून घेतलेले ज्ञान कसोटीची जागा घेऊ शकत नाही. दहा जणांनी सांगितले म्हणून आपले एंजिन सुरक्षित ठरत नाही. ते जमिनीवर तासन् तास चालवून, प्रत्येक तापमान लिहून, पुन्हा उघडून पाहूनच त्याविषयी काही म्हणता येते. दुसऱ्यांच्या नोंदींचा उपयोग असा, की काय तपासावयाचे ते आधी कळते, आणि जी चूक एकाने जीव धोक्यात घालून शोधली, ती दुसऱ्याला पुन्हा त्याच रीतीने शोधावी लागत नाही. ज्याने अशी नोंद घेतली, त्याने आपल्या चाचणीचे आकडेही त्याच वहीत लिहून ठेवावेत. पुढचा बांधणारा ती वही तेथूनच वाचू लागेल.